बैलाचे दात पाहतो, सळईचे काय?

पौष पौर्णिमेला म्हसा गावात खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. मुरबाड-कर्जत रस्त्यावरचे हे गाव एरवी शांत असते. यात्रेच्या दिवसांत मात्र घाटावरून आणि घाटाखालून माणसे लोटतात. घोंगड्या, शेतीची अवजारे, मिठाईची दुकाने, आकाशपाळणे असे सगळे असते, तरी यात्रेचे नाव झाले ते बैलबाजारामुळे. इथे बैल घेणारा माणूस घाई करत नाही. ओठ वर करून दात मोजतो, खूर पाहतो, खांद्यावरून हात फिरवतो, चार पावले चालवून चाल बघतो. तरीही मन घेत नसेल तर गावातल्या एखाद्या जाणत्याला बोलावून आणतो. एवढे सगळे झाल्यावर मगच पैशाची बोलणी सुरू होतात.

यात्रा उलगडली की बांधकामाचे दिवस सुरू होतात. पावसाच्या आत स्लॅब पडायला हवा, म्हणून तोच माणूस मुरबाडला किंवा सरळगावला हार्डवेअरच्या दुकानात जातो आणि दीड-दोन टन सळई उचलतो. ती कुणाची घ्यायची हे मिस्त्री सांगतो, नाहीतर एसटी थांब्यामागच्या भिंतीवर रंगवलेली जाहिरात सांगते. दुकानदाराला तो भाव विचारतो, उधारी विचारतो, टेम्पोचे भाडे विचारतो. ही सळई किती ताण सोसते, ते कुणी आणि कधी तपासले, हे मात्र विचारत नाही. बैल शेतात दहा-बारा वर्षे राबतो. सळईवर दोन-तीन पिढ्या झोपणार असतात.

यात त्या माणसाचा दोष नाही, कारण विचारायची सोयच कुणी ठेवलेली नाही. धातूची ताकद मोजायची पद्धत दीडशे वर्षांपूर्वीच पक्की झाली आहे. त्यासाठी लागणारे यंत्र महाराष्ट्रातच बनते. तुकडा तयार असेल तर एका चाचणीला अर्धा तासही लागत नाही. तरीही ज्याच्या पैशाने सळई विकत घेतली जाते, त्याच्या हातात चाचणीचा निकाल पडत नाही. ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड आणि शहापूरसारख्या तालुक्यांत, जिथे घरकुलापासून महामार्गापर्यंत सगळीकडे पोलाद ओतले जात आहे, तिथे ही सोय आता गावाच्या आवाक्यात आणली पाहिजे.

चाचणी पाहायला साधी आहे. सळईचा हात-दीड हात लांबीचा तुकडा कापतात, त्याची लांबी आणि वजन नोंदवतात. सळईच्या अंगावर कंगोरे असल्याने व्हर्नियरने नेमका व्यास मिळत नाही. म्हणून वजन, लांबी आणि पोलादाची घनता यांवरून तिच्या छेदाचे क्षेत्रफळ काढतात. मग अंगावर दोन खुणा करतात. १२ मिलिमीटरच्या सळईवर या खुणांमधले अंतर ६० मिलिमीटर ठेवतात. तुकड्याची दोन्ही टोके यूटीएम, म्हणजे युनिव्हर्सल टेस्टिंग मशीनच्या जबड्यांत आवळतात आणि तेलाच्या दाबाने ते जबडे हळूहळू एकमेकांपासून दूर सारतात.

पहिला काही वेळ डोळ्यांना काहीच दिसत नाही. आकडा चढत जातो, सळई केसभर लांबते, आणि इथे भार काढला तर ती पुन्हा मूळ मापावर येते. एका टप्प्यावर मात्र आकडा थबकतो आणि सळई लांबतच राहते. आता भार काढला तरी ती पहिल्यासारखी होणार नाही. प्रयोगशाळेत या टप्प्याला ‘यील्ड’ म्हणतात, आणि घराचा आराखडा करणारा इंजिनिअर आपला सगळा हिशेब याच आकड्यावर मांडतो. पुढे भार पुन्हा चढतो आणि कमाल पातळी गाठतो. मग सळईची एका जागी कंबर बारीक होऊ लागते, आणि पाठोपाठ कानठळ्या बसवणारा आवाज करून ती तुटते. यंत्र चालवणारा दोन्ही तुकडे टोकाला टोक लावून ठेवतो आणि खुणांमधले अंतर पुन्हा मोजतो.

हाती तीन आकडे येतात: यील्डचा, कमाल भाराचा आणि लांबण्याचा. सळईसाठी आयएस १७८६ हे भारतीय मानक आहे आणि या तिन्ही आकड्यांची किमान मर्यादा त्यात ठरलेली आहे. बाजारात सर्रास मिळणारी ‘एफई ५०० डी’ ही प्रत घ्या. तिचा यील्ड दर चौरस मिलिमीटरला ५०० न्यूटनच्या खाली असता कामा नये. १२ मिलिमीटरच्या सळईच्या भाषेत सांगायचे तर पावणेसहा टनांच्या आसपास भार येईपर्यंत तिने हार मानायची नाही. कमाल ताकद ५६५ न्यूटनच्या वर हवी, म्हणजे साडेसहा टनांच्या अलीकडे तुटायचे नाही. शिवाय ही कमाल ताकद प्रत्यक्षात मिळालेल्या यील्डपेक्षा किमान १० टक्के जास्त असली पाहिजे. आणि तुटण्यापूर्वी सळई किमान १६ टक्के लांबली पाहिजे. ६० मिलिमीटरच्या खुणा तुटल्यानंतर जवळपास ७० मिलिमीटरवर जायला हव्यात.

दुकानात या तिसऱ्या आकड्याचे नाव कुणी काढत नाही. जाहिरातीत ‘५००’ दिसते, ‘५५०’ दिसते, आणि आकडा मोठा म्हणजे माल चांगला असे गिऱ्हाईक समजून चालते. प्रत्यक्षात एफई ५५० या प्रतीला मानकाने किमान १० टक्के लांबणेच सांगितले आहे. एफई ५०० डीला १६ टक्के, आणि जुन्या एफई ४१५ला साडेचौदा टक्के. नावापुढच्या ‘डी’चा अर्थच असा की ही सळई तुटण्याआधी जास्त लांबते. तिच्यातले कार्बन, गंधक आणि फॉस्फरस यांचे प्रमाणही अधिक कडक मर्यादेत ठेवलेले असते. घर बांधणाऱ्याच्या दृष्टीने हा गुण लाखमोलाचा आहे. लांबणाऱ्या सळईची तुळई आधी वाकते, तिच्या पोटाशी भेगा दिसतात, गिलावा सुटतो, आणि घरातल्या माणसांना बाहेर पडायला सवड मिळते. कडक पण ठिसूळ सळई अशी सवड देत नाही.

भूकंपाच्या बाबतीत तर मानक आणखी पुढे जाते. भूकंपाचे विभाग ठरवणाऱ्या मानकाच्या २०१६च्या आवृत्तीनुसार ठाणे जिल्हा तिसऱ्या विभागात होता. शेजारच्या पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरी पट्ट्याला नोव्हेंबर २०१८पासून धक्क्यांची मालिकाच सोसावी लागली. भूकंपरोधक बांधकामाच्या आयएस १३९२० या मानकात सळईची कमाल ताकद तिच्या प्रत्यक्ष यील्डच्या किमान १.१५ पट हवी, अशी अट आहे. त्याच मानकात दुसरी अट अशी, की प्रत्यक्ष यील्ड प्रतीच्या नावातल्या आकड्यापेक्षा २० टक्क्यांहून जास्त असू नये. म्हणजे पोलाद गरजेपेक्षा फार जास्त ताकदीचे निघाले, तरी ते नापास! हिशेबापेक्षा कडक सळई वाकायचे नाकारते आणि तिच्याआधी काँक्रीट फुटते, म्हणून ही अट. ‘जेवढे मजबूत तेवढे चांगले’ असे भिंतीवरची जाहिरात म्हणते. मानक तसे म्हणत नाही.

गावातले जुने मिस्त्री अजूनही प्रत्येक सळईला ‘टॉर’ म्हणतात. १९६०च्या दशकानंतर आपल्याकडे थंड सळईला पीळ देऊन तिची ताकद वाढवायची पद्धत आली, तिचे हे नाव. पिळाने ताकद वाढे, पण लांबण्याचा गुण कमी होई, आणि गंजही लवकर धरे. आजची टीएमटी सळई वेगळी. गिरणीतून लालबुंद बाहेर पडताच तिच्यावर पाण्याचे फवारे मारतात. बाहेरचे कवच झटक्यात थंड होऊन कडक होते, गाभा गरम राहतो, आणि गाभ्यातली ती उष्णता कवचाला मागाहून थोडे मऊ करते. बाहेरून कणखर, आतून लवचीक अशी ही रचना पाण्याचा दाब, सळईचा वेग आणि पोलादाचे रसायन यांच्या मेळावर उभी असते. हा मेळ एखाद्या पाळीत बिघडला तर सळई दिसायला अगदी तशीच निघते. रंग तोच, कंगोरे तेच, शिक्काही तोच. फरक कळतो तो फक्त ओढून पाहिल्यावर.

अशी सळई बनवणारा एक मोठा पट्टा महाराष्ट्रातच, जालन्यात आहे. भंगार वितळवून त्याच्या कांड्या ओतणाऱ्या भट्ट्या आणि त्या कांड्यांच्या सळया लाटणाऱ्या गिरण्या तिथे आहेत. ठाण्याला जवळ असलेल्या वाड्यातही पोलादाचे कारखाने आहेत. भंगारापासून बनली म्हणून सळई वाईट, असे समजायचे कारण नाही; जगभर तसेच होते. मात्र भंगारात आज काय आले आणि उद्या काय येईल, हे सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक ओतीची, म्हणजे ‘हीट’ची, वेगळी तपासणी करायची असते आणि तिचा क्रमांक मालाबरोबर पुढे जायचा असतो. कारखान्याच्या दारापर्यंत तो जातोही. घाऊक व्यापाऱ्याच्या गोदामात चार हीटचा माल एकत्र रचला जातो, आणि तालुक्याच्या दुकानात पोहोचेपर्यंत क्रमांकाचा कागद कुठल्या कुठे गेलेला असतो.

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतून जाणारे पोलाद मात्र सगळेच बेवारशी नाही. १८९२मध्ये पूर्ण झालेला तानसा, १९५७चा मोडकसागर आणि भातसा हे मुंबईला पाणी पाजणारे जलाशय शहापूर तालुक्यातले. त्यांच्यापासून निघणाऱ्या पोलादी जलवाहिन्यांचे पत्रे, त्यांचे वेल्डिंग, सगळ्याच्या चाचण्यांची कागदपत्रे महापालिका मागते. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला, तोही शहापुरातूनच जातो. असल्या कामावर सल्लागार, त्रयस्थ तपासनीस आणि कामाच्या जागी उभारलेली प्रयोगशाळा हे ठरलेले असते. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतून मचाणाचे पाइप परदेशी जातात, आणि तिकडचा ग्राहक चाचणीच्या प्रमाणपत्राशिवाय माल उतरवून घेत नाही. मुंबईकराच्या पाण्याला, महामार्गावरच्या गाडीला आणि परदेशातल्या मचाणाला तपासलेले पोलाद मिळते. ज्या गावाच्या शिवारातून हे सगळे जाते, त्या गावातले घर दुकानदाराच्या शब्दावर उभे राहते.

त्यातही सर्वांत कमी आवाज असलेली घरे सरकारी योजनेतली. प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर आहे. २०२३मध्ये आदिम जमातींसाठी सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेतून कातकरी कुटुंबांना घरासाठी दोन लाख रुपये मिळतात. या दोन तालुक्यांत कातकऱ्यांच्या वाड्या भरपूर आहेत. हप्ता सोडण्याआधी पाया झाला का, भिंती झाल्या का, छत पडले का, याचे फोटो काढून अ‍ॅपवर चढवतात. छतात पडलेली सळई फोटोत दिसते, तिची ताकद दिसत नाही. सरकार जिथे पैसे मोजते, तिथे निदान दर खेपेमागे एक तुकडा ओढून बघायला काय हरकत आहे?

ओढून बघण्याचा हा आग्रह ज्याने जगाला लावला, तो डेव्हिड कर्काल्डी नावाचा स्कॉटिश माणूस होता. ग्लासगोच्या नेपियर जहाज कारखान्यात लोखंड आणि पोलादाचे तुकडे तोडता तोडता त्याला या कामाचा ध्यास लागला. त्याने स्वतःच्या आराखड्यावरून लीड्सच्या कारखान्यात एक अवाढव्य यंत्र बनवून घेतले. लांबी ४७ फुटांहून जास्त, वजन ११६ टन. १८७४मध्ये लंडनच्या सदर्क स्ट्रीटवर त्याने आपल्या चाचणीघराची इमारत बांधली आणि दारावर कोरून घेतले, की इथे तथ्ये मिळतील, मते नाहीत. मतांच्या पानावर त्याची आठवण काढणे थोडे धाडसाचेच. पण डिसेंबर १८७९मध्ये स्कॉटलंडमधला टे नदीवरचा रेल्वे पूल वादळात गाडीसकट कोसळला, तेव्हा चौकशीसाठी पुलाचे अवशेष याच यंत्रात ओढले गेले. खांबांना बांधून ठेवणाऱ्या पट्ट्या जिथे अडकवल्या होत्या, ते बिडाचे कान अपेक्षेपेक्षा फारच कमी भाराला तुटले. पूल बांधताना कुणी ते ओढून पाहिले असते, तर वादळाआधीच हे कळले असते.

कर्काल्डीला लीड्सला जावे लागले. ठाण्याच्या प्रयोगशाळेला तेवढे लांब जायची गरज नाही. इचलकरंजीजवळच्या यड्रावला फ्युएल इन्स्ट्रुमेंट्स अँड इंजिनिअर्स, म्हणजे ‘फाय’चा कारखाना यूटीएम बनवतो. मिरजेतही अशी यंत्रे बनवणारे उद्योजक आहेत. देशभरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत गेले तर यंत्राच्या पाटीवर पुष्कळदा सांगली-कोल्हापूर भागातला पत्ता दिसतो. ऊस आणि यंत्रमागासाठी ओळखला जाणारा हा मुलूख देशाला धातू तोडायची यंत्रे पुरवतो, याचे कौतुक मराठी वाचकांपर्यंत फारसे पोहोचलेलेच नाही.

ही यंत्रे या दोन तालुक्यांच्या जवळपासही आहेत. शहापूर तालुक्यात आसनगावला आणि अघईला अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात ‘स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स’ या विषयाच्या प्रात्यक्षिकांत सळईची ताण चाचणी ठरलेली आहे. वर्षानुवर्षे विद्यार्थी तोच प्रयोग करतात. जर्नलमध्ये आलेख काढतात, सही घेतात आणि वही कपाटात जाते. यंत्र सत्रात काही दिवस चालते, बाकीचे दिवस झाकलेले असते. याच यंत्रावर आठवड्यातला एक दिवस तालुक्यातल्या दुकानांतून आणलेल्या सळया का ओढू नयेत? विद्यार्थ्यांना खरा माल हाताळायला मिळेल, तालुक्याला खरा निकाल मिळेल.

यावर व्यापारी आणि कंत्राटदार जे म्हणतील, त्यात तथ्य आहे. एका घराच्या दोन टन सळईसाठी कुणी चाचणी करत बसायचे का? नाहीच. तपासणी घरागणिक करायची गरज नाही. ती दुकानाच्या पातळीवर व्हावी. दुकानात ट्रक उतरला की प्रत्येक मापाचा आणि प्रत्येक हीटचा एक तुकडा बाजूला काढायचा. तालुक्यात अशी दुकाने मोजकीच असतात. एका तुकड्याच्या चाचणीचा खर्च एक क्विंटल सळईच्या किमतीपेक्षा कमीच येतो. तो ट्रकभर मालावर वाटला तर किलोमागे पैशांत मोजावा लागेल.

दुसरा आक्षेप असा येईल की महाविद्यालयाच्या यंत्राला, प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएलची मान्यता नसते, मग त्या निकालाला किंमत काय? कोर्टात उभा राहण्यासाठी तो निकाल पुरणार नाही, हे खरे. पण यंत्राचे अंशांकन वेळच्या वेळी झालेले असेल तर चाळणी म्हणून तो पुरेसा आहे. वर्ग एकच्या यंत्राने दाखवलेल्या भारात एका टक्क्यापेक्षा जास्त चूक चालत नाही. चाळणीत जो माल अडकेल, त्याचा दुसरा तुकडा मुंबईच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत किंवा नॅशनल टेस्ट हाऊसच्या शाखेत पाठवता येईल. चांगला माल ठेवणाऱ्या दुकानदाराला याची भीती नको. उलट काउंटरवर लावलेला ताजा निकाल त्याच्या भिंतीवरच्या जाहिरातीपेक्षा जास्त बोलेल.

खरी मेख तिसरीकडेच आहे. तुकडा कापायचा कुणी? सरकारी कामात सळईच्या चाचण्या होत नाहीत असे नाही. सार्वजनिक बांधकाम विभागात दक्षता आणि गुणनियंत्रणासाठी स्वतंत्र यंत्रणा आहे, नाशिकला ‘मेरी’सारखी जुनी संशोधन संस्था आहे. मात्र कंत्राटदाराच्या माणसाने आपल्या पसंतीची सळई निवडली, आपणच कापली आणि आपणच नेऊन दिली, तर चाचणी त्या एका सळईची होते, कामाची होत नाही. म्हणून नमुना काढताना वापरणाऱ्याच्या बाजूचा माणूस हजर हवा. रस्त्याचे काम असेल तर ग्रामपंचायतीचा सदस्य, शाळेची खोली असेल तर शाळा व्यवस्थापन समितीतला पालक, घरकुल असेल तर लाभार्थी स्वतः. ढिगाच्या मधून सळई त्यानेच निवडायची, कापलेल्या तुकड्यावर सही-शिक्क्याची चिठ्ठी बांधायची. याला खर्च शून्य. आणि कामाच्या जागी लावलेल्या फलकावर योजनेचे नाव, रक्कम, कंत्राटदार यांच्या खाली तीन आकडे लिहायचे: यील्ड, कमाल ताकद, लांबणे.

चाचणीने सगळे प्रश्न सुटतात असा दावा कुणी करू नये. तुकडा पास झाला म्हणून बांधकाम पास होत नाही. १ ऑगस्ट २०२३च्या पहाटे शहापूरच्या सरलांबे गावाजवळ समृद्धीच्या पुलावरचा गर्डर लाँचर कोसळून २० जणांचा जीव गेला. असल्या अवाढव्य यंत्राची जोडणी, आधार आणि हाताळणी हा वेगळाच विषय असतो. सळईच्या तुकड्याची परीक्षा त्याबद्दल काहीच सांगत नाही. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, त्याआधी काही दिवस तिथले नटबोल्ट गंजल्याचे बांधकाम विभागाने पत्राने कळवले होते. खाऱ्या वाऱ्यात उभे असलेले पोलाद बसवतानाच्या दिवशी किती ताकदीचे होते, एवढ्यावर भागत नाही. ते दरवर्षी पाहावे लागते. आणि मुंबईत सीएसएमटी स्थानकाबाहेरचा हिमालय पूल १४ मार्च २०१९ रोजी पडून सात जण दगावले, त्याच्या काही महिने आधीच तो संरचनात्मक तपासणीत वापरण्याजोगा ठरला होता. कागदावर ‘पास’ लिहिणे आणि वस्तू प्रत्यक्ष तपासणे यांतले अंतर किती महाग पडते, ते त्या दिवशी दिसले.

गावातल्या बांधकामावरही असे घोळ रोज होतात. टेम्पोत मावावी म्हणून १२ मीटरची सळई मधोमध दुमडून आणतात आणि जागेवर हातोड्याने सरळ करतात. आयएस १७८६मध्ये वाकवून परत उलटी वाकवण्याची एक चाचणी आहे. सळई १३५ अंशांच्या कोनात वाकवायची, अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवायची, थंड झाल्यावर १५७.५ अंशांच्या कोनापर्यंत मागे वळवायची. भेग पडली तर नापास. मात्र ही चाचणी ठरावीक व्यासाच्या गोल दांड्याभोवती, सावकाश होते. रस्त्याच्या कडेला दगडावर आपटून मारलेला बाक या चाचणीत बसत नाही. तो भाग कापून बाजूला काढला, तर तुळईला त्याचा धोका राहत नाही. ही गोष्ट गावातल्या प्रत्येक फिटरला सांगता येण्यासारखी आहे, आणि तालुक्यातल्या आयटीआयने चार तासांच्या शिबिरात ती सांगावी.

तालुक्यात चाचणीची सोय होईपर्यंत घर बांधणाऱ्याने हात बांधून बसायचे कारण नाही. सळईच्या अंगावर दर ठरावीक अंतराने कारखान्याचे नाव, प्रत आणि आयएसआयची खूण उठवलेली असते. कोरी सळई घेऊ नये. या मालाला बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचा, परवाना सक्तीचा आहे. खुणेबरोबरचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपवर टाकला की तो चालू आहे की रद्द झाला, हे मोबाइलवरच कळते.

दुसरे साधन म्हणजे तराजू. १२ मिलिमीटरच्या १२ मीटर लांब सळईचे वजन १०.६६ किलो भरायला हवे. १० मिलिमीटरच्या सळईचे ७.४ किलो, ८ मिलिमीटरच्या सळईचे ४.७४ किलो, १६ मिलिमीटरच्या सळईचे सुमारे १९ किलो. मानकाने थोडी सूट दिली आहे. १२ मिलिमीटरची एखादी सळई सहा टक्क्यांपर्यंत हलकी चालते. पण ती १० किलोच्याही खाली उतरली, तर ती १२ची नव्हेच. माल किलोवर विकत घेतला म्हणजे आपले नुकसान नाही, अशी अनेकांची समजूत असते. इंजिनिअरच्या नकाशात मात्र किलो नसतात, सळया मोजलेल्या असतात. कॉलममध्ये सहा सळया सांगितल्या असतील तर सहाच पडतात, आणि प्रत्येक सळई बारीक असेल तर कॉलममध्ये पोलाद तेवढे कमी जाते.

आणि बिल. पक्क्या बिलावर कारखान्याचे नाव, प्रत, माप आणि हीट क्रमांक लिहून मागावा, कारखान्याच्या टेस्ट सर्टिफिकेटची प्रत सोबत मागावी. त्या कागदावर यील्ड, कमाल ताकद आणि लांबण्याची टक्केवारी वेगवेगळ्या रकान्यांत लिहिलेली असते. शेवटच्या रकान्यात १६च्या वरचा आकडा आहे का, तेवढे बघायला दहावी पास मुलगीही पुरेशी आहे. एफई ५०० डीच्या नावाखाली तो आकडा कमी असेल, तर माल परत करावा. दुकानदार ‘सर्टिफिकेट कोण मागतो इथे’ असे म्हणू लागला, तर मुरबाडच्या बाजारपेठेत दुसरे दुकान आहे, आणि कल्याणही तासाभराच्या अंतरावर आहे.